आईबाबांना लंडन दाखवायचं : टूर बस, लाल बस, ट्यूब की बोट?

आईबाबांचं तिकीट निघालं की घरोघरी पहिली यादी होते ती ठिकाणांची. टॉवर, बिग बेन, राजवाडा, ग्रीनिच. यादी कुणीही करतं. खरं अडतं ते फिरायचं कशाने यावर, कारण सत्तरीकडे झुकलेली माणसं दमतात ती दोन ठिकाणांच्या मधल्या प्रवासातच. म्हणून इथे भाडं आणि वेग जरा मागे ठेवलाय. पुढे घेतलेत ते गुडघे, टॉयलेट आणि तिसरा प्रश्न असा की तुम्ही ऑफिसला गेल्यावर हे दोघं आपले आपण बाहेर पडू शकतील का.

उघड्या छपराची टूर बस सगळ्यांना आधी आठवते. एका तिकिटावर दिवसभर कुठेही चढा-उतरा, कानात माहिती चालू, चुकायची भीती नाही. तुम्हाला रजाच मिळत नसेल आणि आईबाबांकडे दोन-तीनच दिवस असतील, तर डोळे मिटून तीच घ्या. एरवी मला ती महागच वाटते. साध्या बसच्या दिवसभराच्या भाड्याच्या कितीतरी पट पैसे जातात आणि ट्रॅफिकमध्ये ती त्याच साध्या बसच्या मागे उभी राहते. वरचा मजला म्हणजे वारा आणि पावसाची सर. आल्याच्या दुसऱ्या दिवशी तर मुळीच नको. जेट लॅगमध्ये बाबा दुपारी डुलक्या घेत असतात आणि कानात राणी व्हिक्टोरिया बोलत असते.

माझं मत सरळ लाल बसला, म्हणजे शहरातल्या साध्या बसला. बसमध्ये जिना उतरून जमिनीखाली जायचं नाही, सरकते जिने नाहीत. सगळ्या बस खालच्या पायरीच्या, व्हीलचेअरसाठी रॅम्प असलेल्या. पुढचा स्टॉप कोणता ते ऐकूही येतं आणि पाटीवर दिसतंही. चुकलंच तर उतरायचं, रस्ता ओलांडायचा, उलट्या दिशेची बस धरायची. ही एवढी एक गोष्ट समजली की आईबाबा एकटे फिरायला धजावतात. ट्यूबमध्ये, म्हणजे भुयारी रेल्वेत, असा धीर यायला फार दिवस लागतात.

पैसे रोख चालत नाहीत, २०१४ पासूनच. चढताना कार्ड टेकवायचं, उतरताना काही नाही. २०२५ मध्ये एका प्रवासाला १.७५ पौंड होते, पहिल्यांदा कार्ड टेकवल्यापासून तासाभरात दुसरी-तिसरी बस धरली तर तिचे वेगळे पैसे नाहीत, आणि बसने दिवसभर कितीही हिंडलं तरी कपात ५.२५ पौंडांवर थांबायची. माणशी एक कार्ड हवं, एका कार्डावर दोघांना जाता येत नाही. भारतातलं कॉन्टॅक्टलेस कार्ड बहुधा चालतं, पण बँक परकीय चलनाचं शुल्क लावू शकते. दोघांना एकेक ऑयस्टर, म्हणजे आधी पैसे भरून वापरायचं लंडनचं प्रवासाचं कार्ड, घेऊन देणं बरं. साठीनंतरचे फुकट पास मात्र लंडनच्या रहिवाशांनाच मिळतात, पाहुण्यांना नाही. ती चौकशी करण्यात वेळ घालवू नका.

दोन नंबर लिहून द्या. १५ नंबर ट्रफॅल्गर स्क्वेअरहून निघून फ्लीट स्ट्रीट, सेंट पॉल्स करत टॉवर ऑफ लंडनला नेते. टूर बसचा निम्मा रस्ता यात आलाच. टॉवरमध्ये कोहिनूर बघायला लोक ताटकळतात, पण मुकुटांसमोर सरकता पट्टा आहे, त्यामुळे तिथे उभ्याउभ्याच पुढे जाता येतं. २४ नंबर व्हाइटहॉलवरून जाते. तिथे हॉर्स गार्ड्सला रोज सकाळी ११ ला, रविवारी १० ला, घोडेस्वार पहारा बदलतात. बकिंगहॅम पॅलेसच्या कठड्याशी माणसांच्या पाठी बघत तासभर उभं राहण्यापेक्षा हे कधीही बरं. हीच २४ पुढे कॅम्डेन टाउनला जाते. तिथून ३१ धरून अ‍ॅडलेड रोडवर उतरलं की जवळच १०, किंग हेन्रीज रोड. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९२१-२२ मध्ये शिकत असताना राहिले ते घर. २०१५ मध्ये महाराष्ट्र सरकारने ते विकत घेतलं, आता तिथे स्मारक आहे. उघडण्याच्या वेळा आधी बघून जा.

एक सावधगिरी. ड्रायव्हर सगळे बसेपर्यंत थांबत नाही. वरच्या मजल्यावरची पुढची सीट हे लंडनचं सगळ्यात स्वस्त सुख आहे हे कबूल, पण आई जिन्यावर असतानाच बस हलते. तुम्ही बरोबर असाल तर वर जा, दोघंच असतील तर खाली दाराजवळच्या सीटवर. आणि स्टॉपवर नुसतं उभं राहू नका म्हणावं, हात दाखवायचा.

आता ट्यूब. १८६३ मध्ये सुरू झालेली जगातली पहिली भुयारी रेल्वे, बाबांना एकदा दाखवायलाच हवी. पण एकदाच. २७२ स्टेशनांपैकी साधारण एक तृतीयांश ठिकाणीच पायऱ्यांशिवाय फलाटावर जाता येतं. पिकॅडिली सर्कस, ऑक्सफर्ड सर्कस ही नावाजलेली स्टेशनं त्यात नाहीत. कॉव्हेंट गार्डनला लिफ्टची रांग बघून कुणी जिन्याने निघालं तर १९३ पायऱ्यांचा गोल जिना आहे. शिवाय इथे आत जाताना आणि बाहेर पडताना, दोन्ही वेळा कार्ड टेकवावं लागतं. बाहेर पडताना राहिलं तर जास्तीत जास्त भाडं कापलं जातं, आणि उघड्या फाटकाच्या स्टेशनवर ते हमखास राहतं. अपवाद एलिझाबेथ लाइनचा. २०२२ मध्ये सुरू झालेली, ४१ च्या ४१ स्टेशनांवर पायऱ्या टाळून फलाटावर जाता येतं, डबे गार. हीथ्रोहून घरी आणायला आणि लांबच्या अंतराला तीच धरा.

टॉयलेटच्या बाबतीत बस आणि ट्यूब दोन्ही नापास. मध्य लंडनमधल्या बहुतेक ट्यूब स्टेशनांवर सोय नसते. त्यामुळे दिवस आखायचा तो म्युझियमच्या आधाराने. ब्रिटिश म्युझियम, नॅशनल गॅलरी, व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट, तिन्हीकडे प्रवेश फुकट, आत बाकं आणि टॉयलेट. बाबांना चित्रांत रस नसला तरी बसायला जागा आहे. वॉटर्लू, चेरिंग क्रॉस, लिव्हरपूल स्ट्रीट अशा मोठ्या रेल्वे स्टेशनांवरची टॉयलेटही २०१९ पासून फुकट आहेत.

बोटीत मात्र टॉयलेट आहे, चहा-कॉफी आहे, बसायला ऐसपैस जागा आहे. वेस्टमिन्स्टरहून ग्रीनिचपर्यंत पाऊण तासाच्या आसपास लागतो आणि पार्लमेंट, सेंट पॉल्सचा घुमट, टॉवर ब्रिज सगळं बसल्या जागी समोरून जातं. भाडं बसपेक्षा बरंच जास्त, तेव्हा रोजचं वाहन म्हणून परवडणार नाही. पण सगळ्यांनी मिळून काढायचा एक दिवस यावरच खर्चावा, टूर बसवर नाही. थेम्सला भरती-ओहोटी असते. ओहोटीला धक्क्यावरचा उतार चांगलाच तिरका होतो, काठी वापरणाऱ्यांनी हात धरून उतरावं. ग्रीनिचला वेधशाळा टेकडीवर आहे. चढ जमणार नसेल तर खाली धक्क्याजवळ ‘कटी सार्क’ हे जुनं जहाज बघून तसंच परत या.

काळी टॅक्सी दिवसाच्या शेवटासाठी राखून ठेवा. हात दाखवला की थांबते, सगळ्या टॅक्सींत व्हीलचेअर जाते. मीटर बघून आई कुरकुरेल, पण दोघं दमलेले असताना त्या पैशांचा हिशोब करू नये. हिवाळ्यात येत असतील तर हा खर्च आधीच धरून चाला, कारण डिसेंबरमध्ये चारच्या सुमारास अंधार पडतो. तेव्हा बोट सकाळची घ्यायची आणि दुपार म्युझियमला द्यायची. जूनमध्ये रात्री नवापर्यंत उजेड असतो, तेव्हा जेवून सातला १५ नंबरमध्ये बसलात तरी चालतं.