सरपण फोडायला कुऱ्हाड घ्यावी की मॉल?

कुऱ्हाड चालवता येते, घरात रोज चूल पेटते आणि लाकडं फोडण्यासाठी म्हणून एकच चांगलं हत्यार घ्यायचं आहे, अशांसाठी हे लिहितो आहे. रायगड-रत्नागिरीच्या किनारपट्टीवर हा प्रश्न अलीकडे बऱ्याच घरांत आला. जून २०२० मधलं निसर्ग चक्रीवादळ आणि मे २०२१ मधलं तौक्ते, यांत परसातली जुनी आंब्या-फणसाची झाडं आडवी झाली. कटरवाला येऊन बुंध्यांचे हातभर लांबीचे ओंडके करून गेला, पण ते फोडून द्यायला गडी मिळेनात. तेव्हापासून आमच्याकडची लाकडं मीच फोडतो. बारमाही पाणचूल आणि पावसाआधी पडवीत रचायची रास, एवढं ते काम आहे.

माझ्यासमोर पर्याय दोन होते. एक, गावच्या लोहाराने ट्रकच्या पाट्यापासून घडवलेली कुऱ्हाड. दुसरा, हार्डवेअरच्या दुकानात ज्याला स्प्लिटिंग मॉल म्हणतात तो. पुढून जाड पाचर, मागून सपाट घण आणि डोकं अडीच ते साडेतीन किलोचं. दोन्ही मी मनापासून वापरलीत, आणि दोन्ही आजही घरात आहेत.

आधी कुऱ्हाडीबद्दल, कारण तिच्यावर माझा जीव आहे. पाट्याच्या पोलादाला लोहाराने नीट पाणी दिलेलं असेल तर धार पुष्कळ टिकते, आणि बोथटली तरी कानस आणि धारेचा दगड पुरतो. दांडा मोडला तर धामणीचं सरळ लाकूड बघून नवा बसवता येतो. धामण चिवट आणि लवचीक. घावाचा धक्का ती स्वतः पचवते, मनगटापर्यंत झिणझिण्या येऊ देत नाही. फायबरच्या दांड्याला हे सुख मला तरी मिळालेलं नाही. फांद्या छाटणं, बारीक फाटी करणं, सुरूची मनगटाएवढी दांडकी उभी चिरणं, या कामांत मी मॉलकडे बघतही नाही. सुरू तर वाळलेला असो वा ओला, रेषेत घाव पडला की सहज उकलतो. ज्यांच्याकडे जळण म्हणून फक्त सुरू आणि बागेतली छाटणीची लाकडं येतात, त्यांनी खरं तर इथेच थांबून लोहाराकडे जावं.

माझा निर्णय फिरला तो एका गोष्टीमुळे. कुऱ्हाड रुतते.

आंब्याच्या जुन्या बुंध्यात रेषा बहुधा सरळ नसतात, एकमेकींत गुंतलेल्या असतात. पातळ पातं त्यांच्यात दोन-तीन बोटं शिरतं आणि तिथेच अडकतं. पातळ पात्याचा गुणच तसा आहे. ते रेषा कापत आत जातं, पण लाकूड दोन्ही अंगांना ढकलत नाही. झाड उभं असताना आडवा घाव घालायचा तर हाच गुण कामाचा, पण ओंडका उभा ठेवून फोडायचा तर त्याचा उपयोग नाही. त्यात लाकूड अर्धवट ओलं असलं तर ते दोन्ही बाजूंनी पात्याला आवळून धरतं. मग ओंडक्यावर पाय रोवून दांडा वर-खाली करायचा, कुऱ्हाड सोडवायची, पुन्हा ओंडका उभा करायचा आणि पुन्हा घाव. नाहीतर ओंडक्यासकट कुऱ्हाड उचलून उलटी आपटायची, तीही दहा-बारा किलोच्या वजनासह. काही काळाने लक्षात येतं की कंबर घाव घालून दुखत नाही, कुऱ्हाड सोडवून दुखते. कामाची लय म्हणून जी काही असते ती प्रत्येक घावाला तुटते, आणि लय तुटली की माणूस लवकर थकतो, असा माझा अनुभव आहे.

बरं, त्रास तिथेच संपत नाही. रुतलेली कुऱ्हाड सोडवायला आपण दांड्यालाच तरफ करतो, आणि त्याने डोकं सैल होतं. आपल्याकडची हवा त्यात भर घालते. पावसात दांडा फुगून घट्ट बसतो आणि फाल्गुन-चैत्रात सुकून आकसतो. नेमक्या त्याच दिवसांत फोडायला सर्वांत जास्त लाकडं असतात. रात्रभर बादलीत बुडवून ठेवायचा उपाय घरोघरी चालतो, पण तो टिकाऊ नाही. फुगलेलं लाकूड लोखंडाच्या भोकात दाबलं जातं, त्याच्या रेषा चेपतात, आणि सुकल्यावर दांडा आधीपेक्षाही सैल होतो. दांड्याच्या डोक्यात नवी पाचर मारणं हाच खरा इलाज. अंगणात नातवंडं वावरत असताना सैल डोक्याची कुऱ्हाड डोक्यावरून फिरवायची मला भीती वाटते, आणि ही भीती रास्त आहे असं मी मानतो.

मॉल अजिबात रुतत नाही असं कोणी सांगितलं तर मी मान्य करणार नाही. पण रुतला तरी वरवर रुततो आणि दांड्याला एक हिसका दिला की सुटतो. त्याचं पातं धारेपासून मागे लगेच जाड होत जातं, त्यामुळे थोडं आत शिरताच लाकूड फाकायला लागतं. जुन्या आंब्याच्या ओंडक्यावर पहिले दोन-तीन घाव बद्द आवाज करतात. मग एका घावाला आवाज पोकळ होतो, म्हणजे आत चीर धावली. पुढचा घाव त्याच रेषेवर पडला की काम झालं. या क्रमात कुठेही वाकून ओढाताण करावी लागत नाही. माझ्यासाठी तराजू इथे झुकला.

मॉलचे दोषही सांगायला हवेत. फांद्या छाटायला तो निरुपयोगी. ओल्या, तंतुमय लाकडावरून तो कधी कधी उसळून परत येतो, विशेषतः धार अगदीच गेलेली असेल तर. मॉलला धार लागतच नाही हा समज बरोबर नाही. कागद कापण्याइतकी नको, पण पहिल्या घावाला लाकडात शिरेल एवढी हवीच. आणि वजन. दुकानात सहसा ६ पौंडी, म्हणजे सुमारे २.७ किलोचा, आणि ८ पौंडी, म्हणजे सुमारे ३.६ किलोचा, असे दोन दिसतात. जड तेवढा चांगला असं विकणारा सांगतो. माझा कल हलक्याकडे आहे. डोक्याचं वजन दुप्पट केलं तर घावातली ऊर्जा दुप्पट होते, पण वेग दुप्पट केला तर ती चौपट होते. ८ पौंडी उचलून मी पहिली पंधरा मिनिटं जोरात असतो, नंतर हात मंदावतात आणि नेमही चुकायला लागतो. ६ पौंडी मी सकाळची न्याहारी होईपर्यंत चालवू शकतो. पंचविशीतल्या, तालमीत जाणाऱ्या पोराचं मत वेगळं असेल, आणि ते त्याच्यापुरतं खरं असेल.

लाकूड कोणतं यावरही थोडं अवलंबून आहे. बागेच्या कडेला लावलेली ऑस्ट्रेलियन बाभूळ, आमच्याकडे जिला नुसतं अकेशिया म्हणतात, ती ओली असतानाच फोडलेली मला बरी वाटते. ऐन-किंजळ मिळाले तर आधी ओंडक्याच्या तोंडावर वाळून पडलेल्या चिरा बघायच्या आणि घाव त्यांच्याच दिशेने घालायचा. जाड ओंडक्याच्या मध्यावर घाव घालण्याचा हट्ट नको. कडेकडेने ढलपे काढत आत यावं, हत्यार कोणतंही असो. फणसाच्या बेचक्याचा ओंडका मात्र दोघांनाही जुमानत नाही. तिथे लोखंडी पाचर लागते.

या पाचरीच्या वेळी मॉलचा दुसरा फायदा कळतो. त्याची पाठ पाचर ठोकण्यासाठीच केलेली असते, वेगळा घण घ्यावा लागत नाही. कुऱ्हाडीच्या पाठीने पाचर ठोकू नका. रुतलेल्या कुऱ्हाडीच्या पाठीवर घण घालणं तर त्याहून वाईट. गावात हे सर्रास चालतं, पण त्याने दांड्याचं भोक फाकतं आणि मग कोणताच दांडा त्यात नीट बसत नाही. शिवाय कडक पोलादावर कडक पोलाद आपटलं की कपची उडते आणि ती डोळ्यात जाऊ शकते. पाचर ठोकताना साधा का होईना, चष्मा लावा. पाचरीची पाठ ठोकून ठोकून फुलासारखी उमलली असेल तर ती कड आधी घासून काढा.

मॉल घेणार असाल तर दांडा तीन फुटांच्या आसपास बघा. आखूड दांड्याने नेम चुकला तर पातं नडगीकडे येतं, लांब दांड्याने चुकला तर ते बहुधा जमिनीत जातं. लाकडी दांडा असेल तर टोकाशी रेषा तपासा. त्या पात्याच्या दिशेने धावायला हव्यात, आडव्या असतील तर ठेवून द्या. फायबरचा दांडा आकसत नाही आणि सैलही होत नाही, हे त्याचं मोठं पुण्य. पण घाव लांब पडून ओंडक्याच्या कडेवर दांडाच आपटत राहिला तर त्याचे तंतू उसवतात, आणि तो गावात दुरुस्त होत नाही. डोक्याखाली वीतभर जुनी सायकलची ट्यूब गुंडाळून ठेवली तर बराच बचाव होतो.

आणि एवढं वाचूनही कुऱ्हाडच घ्यावीशी वाटत असेल, घरच्या सवयीमुळे किंवा लोहार ओळखीचा आहे म्हणून, तर तीही वाईट निवड नाही. फक्त तयार टांगलेली उचलू नका. लोहाराला आधी सांगा की ही तोडायला नको, फोडायला हवी आहे. डोकं दोन किलोच्या पुढे ठेवा, धारेच्या मागे पातं पातळ न करता जाड राहू द्या, आणि भोक वरच्या तोंडाला जरा रुंद काढा, म्हणजे दांड्यात मारलेली पाचर धरून राहील. जुना लोहार असेल तर त्याला एवढं बोलणं पुरतं.