साखरेची सरासरी की पेशीतलं एन्झाइम?

कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या कुठल्याही लॅबमध्ये मधुमेहाच्या रुग्णाची एचबीए१सी ही रक्तचाचणी होते, आणि पहिली निवड तीच असावी. तांबड्या पेशी साधारण १२० दिवस जगतात. तेवढ्यात हिमोग्लोबिनला किती साखर चिकटली, म्हणजे दोन-तीन महिन्यांची सरासरी, ती सांगते. साखर काटेकोर आटोक्यात ठेवली की डोळे, किडनी आणि नसांचं नुकसान कमी होतं, हे डीसीसीटी नावाच्या मोठ्या अभ्यासाने १९९३ साली टाइप १ च्या रुग्णांत दाखवलं.

पण आकडा सारखा असूनही एकाच्या पायांना मुंग्या येतात, दुसऱ्याला काहीच नाही. असं का? इथे दुसरी मोजणी पुढे येते: तांबड्या पेशींतल्या आल्डोज रिडक्टेज एन्झाइमची क्रिया. हे एन्झाइम जादा ग्लुकोजचं सॉर्बिटॉल (साखरेपासून बनणारं अल्कोहोल) करतं आणि त्यात एनएडीपीएच हा पेशीतला मदतनीस रेणू खर्ची पडतो. पेशीला जपणारं ग्लुटाथायोन पुन्हा कामाला लावायलाही तोच लागतो, म्हणून पेशीचा बचाव दुबळा होतो. रुग्णाची नस किंवा डोळ्याचं भिंग तपासायला काढता येत नाही. रक्त सहज मिळतं. मला ही मोजणी फार मोलाची वाटते, पण ती अजून संशोधनापुरतीच आहे. उपचार तिच्यावर ठरवू नयेत.

एचबीए१सीही फसवते, बरं का. लोहाच्या कमतरतेत आकडा उगाच चढतो. तांबड्या पेशींना जपणारं जी६पीडी एन्झाइम कमी असेल तर तो खोटा उतरू शकतो. अशा वेळी डॉक्टरांना फ्रुक्टोसामाइनबद्दल, म्हणजे रक्तातल्या प्रथिनांना चिकटलेली साखर मोजणाऱ्या चाचणीबद्दल विचारा. आणि रिपोर्ट कितीही चांगला येवो, रंकाळ्यावर रोज फिरणाऱ्यांनीसुद्धा वर्षातून एकदा डोळ्याचा पडदा, लघवीतलं अल्ब्युमिन हे प्रथिन आणि पायांची संवेदना तपासून घ्यावी.