टाकीला भोक पाडणारं डायमंड होल-सॉ: वापरून झाल्यावर

माशांच्या काचेच्या टाकीला ओव्हरफ्लो (जादा पाणी बाहेर नेणारी वाट) बसवायचा म्हणून ४५ मिमीचं डायमंड होल-सॉ, म्हणजे गोल भोक पाडणारं हिऱ्याच्या कणांचं ड्रिल-बिट, घेतलं. माझ्या एक इंची बल्कहेडला (भोकात बसवून पाइप जोडायचा भाग) तेवढंच लागतं. तुमचं बल्कहेड आधी हातात घ्या, मोजा, मग बिट मागवा.

काच १० मिमी. टफन्ड (तापवून कडक केलेली) नाही ना, ते आधी पाहिलं: मागे मोबाईलचा पांढरा स्क्रीन, डोळ्यांवर पोलराइज्ड गॉगल. टफन्ड काचेत गडद पट्टे-ठिपके उठतात आणि ती ड्रिल लागताच चुरा होते. माझी साधी निघाली.

या बिटला मधला पायलट (जागेवर धरून ठेवणारं बारीक टोक) नसतो, त्यामुळे सुरुवातीला ते काचेवर बर्फासारखं सरकतं. तिरकं धरून आधी चंद्रकोरीएवढी खाच पाडली, मग हळूहळू सरळ केलं. भोवती मातीच्या गोळ्याचं आळं करून त्यात पाणी ठेवलं. कमी स्पीड, आणि दाब फक्त ड्रिलच्या वजनाचा. पाणी दुधासारखं पांढरं झालं की बदलायचं. बारा-तेरा मिनिटं लागली. तेवढ्या वेळात मी श्वास किती वेळा घेतला, देव जाणे.

कड सुरेख आली, पण आतल्या बाजूला नखाएवढी कपची उडालीच. मागे टेप लावली होती, पण शेवटच्या मिलिमीटरला मीच घाई केली; बिटचा दोष नाही. बल्कहेडच्या गॅस्केटखाली (रबरी चकतीखाली) झाकली गेली, गळती नाही.

तक्रार एकच: सोबत आलेल्या कागदावर पाण्याचा साधा उल्लेखही नाही. कोरडं चालवलं असतं तर बिटही गेलं असतं आणि टाकीही.