म्यूझस्कोअरमधली गिटार: कॉर्ड खऱ्या पट्टीत वाजवताना

मी गिटार शिकवते. सरावाचे कागद मी म्यूझस्कोअर या संगीत लिहायच्या आणि वाजवून ऐकायच्या सॉफ्टवेअरमध्ये लिहिते आणि मुलांना आवाजासकट देते, म्हणजे घरी बसून त्याच्याबरोबर वाजवता येतं. मागच्या महिन्यात एका विद्यार्थिनीने विचारलं, "ताई, यातली जी मेजर कॉर्ड तुमच्या जीसारखी का नाही वाटत? गाणं वर आणि कॉर्ड कुठेतरी खाली." तिचं बरोबर होतं. त्या प्रश्नापायी दोन संध्याकाळी गेल्या, पण सॉफ्टवेअर नीट कळलं.

आधी मला वाटलं, कॉर्डच (एकत्र वाजणारे सूर) चुकतेय. चूक निघाली सुरावटीत. गिटारचं नोटेशन जिथे लिहितात, त्याच्या एक सप्तक खाली ते वाजतं. क्लासिकल गिटार निवडली की म्यूझस्कोअर खाली छोटा ८ असलेली ट्रेबल क्लेफ (ओळींच्या सुरुवातीची, सुरांची जागा ठरवणारी खूण) देतं, तो ८ हेच सांगत असतो. पुस्तकात असते तशी साधी क्लेफ हवी म्हणून मी तो ८ काढून टाकला आणि मग सूर भरले. त्यामुळे सगळी सुरावट एक सप्तक वर वाजत होती. कॉर्डच्या चिन्हांना क्लेफशी देणंघेणं नाही, ती आपल्या जागीच राहिली. उपाय म्हणजे आठवाली क्लेफ परत आणणं, किंवा साधीच ठेवायची असेल तर स्टाफ/पार्ट प्रॉपर्टीजमध्ये जाऊन ट्रान्सपोझिशन एक ऑक्टेव्ह खाली करणं. मी दुसरा मार्ग घेतला, कारण मुलांना आठवाली क्लेफ बघून गोंधळायला होतं.

कॉर्ड वाजवायची सोय २०२० मध्ये ३.५ आवृत्तीत आली. कंट्रोल आणि के दाबून जी किंवा जी/बी लिहायचं, की वाजते. चिन्ह निवडलं की प्रॉपर्टीजमध्ये व्हॉइसिंग, म्हणजे कॉर्डचे सूर कसे मांडायचे ते, बदलता येतं: रूट ओन्ली, क्लोज, ड्रॉप टू, तीन, चार किंवा सहा सुरांचं. मी एकेक ऐकून बघितलं. कॉर्ड कुठपर्यंत टिकवायची, पुढच्या चिन्हापर्यंत की मात्रांचा खंड संपेपर्यंत, तेही ठरवता येतं. मिक्सरमध्ये कॉर्डचा आवाज वेगळा असतो, तो कमी केला की सुरावट स्पष्ट होते. आधी मी वापरत असलेल्या दुसऱ्या एका सॉफ्टवेअरमध्ये यातलं काहीच नव्हतं. मिडी फाइल काढून दुसरीकडे सूर हलवावे लागायचे.

पण सहा सूर म्हणजे गिटारची पकड नव्हे. हे सूर कॉर्डच्या नावावरून बसवलेले असतात. उघड्या जीमध्ये आपण ३-२-०-०-०-३ धरतो (जाड तारेपासून बारीक तारेपर्यंत कितव्या पडद्यावर बोट, ० म्हणजे मोकळी तार): खालचा जी ९८ हर्ट्झचा, मग बी, डी, जी, बी आणि वर पुन्हा जी. तीन जी, दोन बी, एक डी. त्या खर्जाच्या जीने कॉर्डला जो भरदारपणा येतो, तोच त्या मुलीला सापडत नव्हता. म्हणून आता मी टॅबचा स्टाफ (तारांच्या ओळींवर पडद्यांचे आकडे लिहायची पट्टी) जोडते, पडद्यांचे आकडे स्वतः भरते, कॉर्डच्या चिन्हावरची 'प्ले'ची खूण काढते आणि टॅबमधले सूर निवडून व्ही दाबते. सूर कागदावरून लपतात, वाजतात मात्र पूर्ण. वेळ लागतो, पण ऐकताना फरक लगेच कळतो. शिवाय स्ट्रमिंगचा ठेकाही लिहिता येतो. चिन्हावरून वाजणारी कॉर्ड नुसती धरून ठेवलेली असते.

कॅपोसाठी (सगळ्या तारा एका पडद्यावर दाबणारी चिमटी) ४.२ आवृत्तीने खरंच सुख दिलं. गिटार पॅलेटमधून कॅपो उचलून सुरुवातीला ठेवायचा आणि प्रॉपर्टीजमध्ये दुसरा पडदा निवडायचा. कागदावर पकड जीचीच राहते, वाजताना सूर दोन सेमिटोन वर जातात. खालचा ९८ हर्ट्झचा जी ११० हर्ट्झचा ए होतो. ज्या मुलांचा आवाज वरच्या पट्टीत लागतो, त्यांच्यासाठी आता मी कागद बदलत नाही, फक्त कॅपोचा पडदा बदलते.

म्यूझस्कोअर मोफत आहे आणि त्याचा सोर्स कोड खुला आहे. नुसतं गाण्यावर कॉर्ड ऐकायची असेल तर चिन्हांचा आवाज पुरे. गिटार शिकवायची असेल तर पकडी हाताने भरा. त्या मुलीला नवा कागद दिला, तेव्हा तिने पहिल्याच जीला मान डोलावली आणि गिटार हातात घेतली.