घरच्या पार्लरची जाहिरात: पाटी, पत्रक, व्हॉट्सॲप, गूगल की इन्स्टाग्राम?

माझ्याकडे शिकून गेलेल्या मुली स्वतःचं पार्लर सुरू करताना हमखास फोन करतात. खुर्ची घेतली, आरसा लावला, वॅक्स हीटर आला, ताई, आता जाहिरात कुठे करू? मी आधी विचारते, दुपारी तुझ्याबरोबर घरात कोण असतं? बऱ्याच जणी क्षणभर थांबतात आणि म्हणतात, कोणीच नाही. तिथून पुढे माझा सल्ला बदलतो. बाजारातल्या दुकानाचा पत्ता गावभर झाला तर मालकाला हवंच असतं. आपला पत्ता म्हणजे आपली मुलं शाळेतून येऊन जिथे झोपतात ते घर.

मी नाशिकमध्ये दुसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये अकरा वर्षं पार्लर चालवते. जाहिरातीचे जवळजवळ सगळे मार्ग या ना त्या वेळी वापरून झाले. आता नवा मार्ग दिसला की मी तीन गोष्टी बघते: माझा नंबर कोणाच्या हाती जातो, माझं दार कोणाला कळतं, आणि नको वाटलं तर ती जाहिरात मागे घेता येते का. त्यातून एक नियम पक्का झाला. नंबर आणि दार एकाच कागदावर येऊ द्यायचं नाही.

तोंडी जाहिरात आणि हळदीकुंकू

यापेक्षा सुरक्षित मार्ग नाही. नवी बाई येते ती कोणाचं तरी नाव घेऊनच येते, त्यामुळे ती कोण, कुठली, हे दार उघडायच्या आधीच कळलेलं असतं. अडचण एकच, वेग नाही. नव्या वस्तीत राहायला आलेल्या, माहेर-सासर दोन्ही लांब असलेल्या मुलीला सांगणारंच कोणी नसतं.

तिच्यासाठी संक्रांत कामाची. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत बायका घरोघरी हळदीकुंकवाला जातात आणि एका दुपारी चाळीस जणी आपल्या घरात येऊन जातात. मी दुसऱ्या वर्षी वाण म्हणून छोटे कंगवे लुटले. प्रत्येक कंगव्याच्या पाकिटात एक कार्ड होतं, त्यावर माझं नाव, नंबर आणि "आयब्रो एकदा मोफत". पत्ता लिहायची गरजच नव्हती, कार्ड घेणारी प्रत्येक जण माझ्या हॉलमध्ये बसून तिळगूळ खात होती. त्यातल्या काही जणी आजही येतात, आणि आता मुलीच्या लग्नाचा मेकअप ठरवायला येतात. एवढ्या खर्चात इतकी टिकाऊ जाहिरात मला दुसरी मिळाली नाही.

पाटी

बंगला असेल, तळमजला असेल, पार्लरच्या खोलीला बाहेरून वेगळा दरवाजा असेल, तर पाटी जरूर लावा. येणारी बाई सरळ पार्लरमध्ये येते, घरातून जावं लागत नाही. फ्लॅटमध्ये वरच्या मजल्यावर असाल तर रस्त्याकडच्या खिडकीत पाटी लावू नका. खालून जाणाऱ्या कोणालाही कळतं की या खिडकीमागे दिवसभर एक बाई असते आणि तिचं दार अनोळखी माणसांसाठी उघडतं. दाराशेजारी छोटी नावाची पाटी पुरते, आणि तीही सोसायटीची लेखी परवानगी घेऊन. पुढे कोणी तक्रार केली तर तो कागद उपयोगी पडतो. दुकानांच्या पाट्या मराठीत, देवनागरीत असाव्यात हा नियम २०२२ पासून लहान आस्थापनांनाही लागू आहे, तेव्हा पाटी रंगवतानाच ते करून घ्या.

पाटीवर मोबाइल नंबर नको. पाटी दार दाखवते, तेवढं तिचं काम. "फक्त महिलांसाठी" हे मात्र पार्लरच्या नावाइतक्याच मोठ्या अक्षरात हवं.

पत्रक

पेपरवाल्याकडून पेपरात घालून वाटलेलं पत्रक आपल्याच भागात फिरतं, ही त्याची खरी ताकद. दिवाळीच्या आधी आणि तुळशीच्या लग्नानंतर, लग्नसराई सुरू होताना, त्याचा उपयोग होतो. बाकी वर्षभर फारसा होत नाही. मी एकदा जूनमध्ये हजार पत्रकं वाटली आणि मोजून तीन जणी आल्या.

पत्रक एकदा गेलं की परत येत नाही. ते कुठल्या टपरीवर भजी बांधायला वापरलं जाईल ते आपल्या हातात नाही. म्हणून पत्रकावर नंबर, भागाचं नाव, आणि फार तर जवळचं मंदिर किंवा बसस्टॉप. फ्लॅट नंबर नाही, सोसायटीचं नाव नाही, स्वतःचा फोटो तर नाहीच. विजेच्या खांबांवर आणि भिंतींवर पत्रकं चिकटवू नका. सार्वजनिक जागा विद्रूप करण्याविरुद्ध राज्यात १९९५ चा कायदा आहे, आणि चिकटवलेल्या पत्रकावरचा नंबर वाचणारे बहुतेक आपल्या कस्टमर नसतात.

व्हॉट्सॲप

एकच मार्ग निवडायचा असेल तर मी हा निवडेन, पण दुसऱ्या सिमवर. घरच्या नंबरवर पार्लर चालवणं ही माझी सुरुवातीची मोठी चूक. मुलीच्या शाळेला दिलेला, बँकेला जोडलेला, तोच नंबर मी पत्रकांवर छापून बसले होते. त्रासदायक फोन सुरू झाले तेव्हा तो बदलताही येईना.

व्हॉट्सॲप बिझनेस फुकट आहे आणि एकाच फोनमध्ये साध्या व्हॉट्सॲपशेजारी वेगळ्या नंबरवर चालतं. त्यात कॅटलॉग लावता येतो: वॅक्सचे प्रकार, फेशियलचे दर, ब्रायडल पॅकेज. दर विचारणाऱ्या मेसेजला आपोआप उत्तर जातं, त्यामुळे रात्री अकराला कोणी लिहिलं तरी आपल्याला बोलायला लागत नाही. प्रोफाइलमधला पत्त्याचा रकाना रिकामा ठेवा. प्रोफाइल फोटोत पार्लरचं नाव ठेवा, चेहरा नको.

स्टेटस हे तर बायकांच्या हातात आलेलं फार चांगलं साधन आहे. तुमचा नंबर जिने सेव्ह केला आहे आणि जिचा तुम्ही केला आहे, तिलाच ते दिसतं. म्हणजे जाहिरात करायची ती ओळखीच्या माणसांतच. ब्रॉडकास्टचंही, म्हणजे एकच मेसेज एकदम पुष्कळ जणींना वेगवेगळा पाठवायच्या सोयीचंही, तसंच, ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलेला आहे त्यांनाच तो मेसेज पोचतो. ग्रुप मात्र टाळा. सगळ्या कस्टमरांचा ग्रुप केला की प्रत्येकीचा नंबर बाकी सगळ्यांना दिसतो, आणि त्यातल्या एखादीच्या घरात तो फोन आणखी कोण हाताळतं हे आपल्याला माहीत नसतं. आपल्या सुरक्षिततेइतकीच त्यांचीही आपल्याला काळजी हवी. सोसायटीच्या ग्रुपवर जाहिरात टाकायला हरकत नाही. तिथे पत्ता सगळ्यांना माहीत असतोच, आणि सगळे एकमेकांना ओळखतात.

गूगल मॅप

"माझ्या जवळचं पार्लर" असं शोधणाऱ्या बायका इथेच येतात, आणि नोंद फुकट होते. पोच सगळ्यात जास्त, म्हणून विचारही जास्त करावा लागतो. गूगलवर पत्ता दाखवायचा तर त्या जागी कायमची पाटी असावी असा त्यांचा नियम आहे. पत्ता लपवून फक्त भाग दाखवण्याची सोय त्यांनी मुळात कस्टमरच्या घरी जाऊन काम करणाऱ्यांसाठी ठेवली आहे. आपल्यातल्या बऱ्याच जणी नवरीला तयार करायला किंवा वयस्कर काकूंचं पेडिक्युअर करायला घरी जातातच, त्यांना ती चपखल बसते. मी तसंच करते. नकाशावर माझं घर येत नाही, भाग येतो.

वर्गवारी निवडताना "ब्युटी सलून" घ्या, "स्पा" घेऊ नका. "मसाज" हा शब्द तर कुठेच लिहू नका, डोक्याच्या तेल मालिशसाठीसुद्धा. "केसांना तेल लावून देणे" असं लिहा. या एका शब्दाने कसे फोन येतात ते एकदा अनुभवलं की पुरे. अडचण रिव्ह्यूंची. ते बंद करता येत नाहीत, आणि चिडून लिहिलेला एक रिव्ह्यू बराच काळ वर दिसत राहतो. शांतपणे दोन ओळींत उत्तर द्यावं आणि सोडून द्यावं.

नंबर वाटणाऱ्या लिस्टिंग

मी एका लिस्टिंगवर, म्हणजे शोधणाऱ्याला धंद्यांचे नंबर देणाऱ्या साइटवर, नाव घातलं होतं. दुसऱ्याच दिवशी दुपारी अडीचला फोन आला. मी एका काकूंच्या वरच्या ओठावर थ्रेडिंग करत होते, दोरा दातात होता, म्हणून फोन स्पीकरवर घेतला. पलीकडून पुरुषाचा आवाज: "मॅडम, जेंट्स का भी करते हो क्या? घर पे कोई है क्या अभी?" काकूंनी माझ्या हाताला धरलं. मी फोन कापला. त्या आठवड्यात असे बरेच फोन आले. नोंद काढायला सांगितली तरी तोवर नंबर जिथे जायचा तिथे गेला होता. एकटीने घरी काम करणाऱ्या बाईने इथे नाव घालू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. ज्यांचं बाजारात दुकान आहे, मदतीला मुली आहेत, त्यांची गोष्ट वेगळी.

इन्स्टाग्राम

ब्रायडल मेकअप, मेंदी, नेल आर्ट करत असाल तर इन्स्टाग्रामला पर्याय नाही, कारण तिथे काम दिसतं. नुसतं आयब्रो आणि वॅक्स असेल तर मेहनत वाया जाते. आयब्रो करायला कोणी दोन बस बदलून येत नाही.

बिझनेस खातं खासगी ठेवता येत नाही, ते सगळ्यांना दिसतं. म्हणून स्वतःचं आणि पार्लरचं खातं कडक वेगळं ठेवा. कॉन्टॅक्टचं बटण लपवा आणि हिडन वर्ड्स चालू करा, घाणेरडे मेसेज वेगळ्या फोल्डरमध्ये जातात.

पण खरी काळजी फोटोची. पार्लरच्या फोटोत आरसा असतोच, आणि आरसा सगळं दाखवतो. मी एका नवरीच्या अंबाड्याचा फोटो टाकला होता. गजरा सुंदर बसला होता, मला फार अभिमान वाटला. संध्याकाळी माझ्या भाचीने फोन केला, "मावशी, आरशात बघ." आरशात खिडकी, खिडकीतून समोरच्या इमारतीचं पूर्ण नाव, आणि कोपऱ्यात खुंटीला माझ्या मुलीचा शाळेचा स्वेटर, बिल्ल्यासकट. घर कुठलं, शाळा कुठली, सगळं एका फोटोत. तेव्हापासून मी एका कोपऱ्यात साधा क्रीम रंगाचा पडदा लावला आहे आणि फोटो तिथेच काढते. नवरीचा फोटो लग्न लागून गेल्यावर, आणि तिने व्हॉट्सॲपवर "टाका" असं लिहून दिल्यावरच टाकते. तोंडी हो पुरत नाही. सासरी कोणाला आवडलं नाही तर त्रास तिलाच होतो.

घरी जाऊन सेवा देणारी ॲपही आहेत. अर्बन कंपनी, जिचं आधीचं नाव अर्बनक्लॅप होतं, ही त्यातली ओळखीची. तिथे आपलं दार जाहीर होत नाही, पण आपण अनोळखी दारात जातो आणि कमाईतला वाटा कंपनीला जातो. घरी जागाच नसेल तर विचार करा. घरात पार्लर थाटल्यावर त्याची गरज सहसा उरत नाही.

कोणी काय घ्यावं

दुपारी घरात एकटी असाल आणि फ्लॅट वरच्या मजल्यावर असेल, तर तोंडी ओळखी, वाणाची कार्डं, दुसऱ्या सिमवरचं व्हॉट्सॲप, आणि सहा महिन्यांनी पत्ता लपवून गूगल. सासूबाई किंवा मदतनीस घरात असतील आणि दरवाजा वेगळा असेल, तर पाटी लावा आणि पत्त्यासकट गूगलवर या, धंदा लवकर वाढेल. ब्रायडलच करायचं असेल तर इन्स्टाग्रामला वेळ द्या, पत्रकांचे पैसे वाचवा.

मार्ग कुठलाही असो, अनोळखी बाईला लोकेशन पाठवायच्या आधी मी फोनवर बोलतेच. नुसत्या मेसेजवर अपॉइंटमेंट नाही. कोणी पाठवलं, काय करायचं आहे, कुठल्या भागातून येणार, एवढं सहज बोलताना विचारते. पहिली भेट उजेडाची आणि घरात कोणीतरी असेल तेव्हाची. पैसे घ्यायचा क्यूआर आतल्या खोलीत, कारण पुष्कळांच्या यूपीआय आयडीत मोबाइल नंबरच असतो.

आणखी एक फोन तुम्हाला कधीतरी येईल. "मी आर्मीतून बोलतोय, आमच्या चार लेडीजचं फेशियल करायचं आहे, ॲडव्हान्स पाठवतो, हा क्यूआर स्कॅन करून पिन टाका." पैसे घेण्यासाठी पिन कधीच लागत नाही, पिन टाकला की पैसे आपल्याच खात्यातून जातात. फसलात तर त्याच मिनिटाला १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा. घाणेरडे फोन, पाठलाग, दारात येऊन उभं राहणं, यातलं काहीही अंगावर काढू नका. भारतीय न्याय संहितेचं कलम ७८ पाठलागासाठी आहे आणि ७९ अश्लील बोलण्या-हावभावांसाठी. कॉल लिस्ट पुसू नका, स्क्रीनशॉट ठेवा, तातडीला ११२, एरवी महिलांसाठी १८१. "घरातून धंदा करता मग असं होणारच" असं कोणी म्हणालं तरी लेखी तक्रार देऊनच उठा.

माझ्या पत्रकावर आज एवढंच असतं: पार्लरचं नाव. फक्त महिलांसाठी. थ्रेडिंग, वॅक्स, क्लीनअप, फेशियल, हेअर कट, ब्रायडल मेकअप. सकाळी ११ ते संध्याकाळी ६, सोमवारी बंद. येण्याआधी फोन करून वेळ घ्यावी. आणि खाली दुसऱ्या सिमचा नंबर.