सीआरपी नावाच्या रक्ततपासणीच्या आकड्यावर 43,850 रुपये काढून नेले: ‘बुरशी-गोचिडाचं विष’ काढणारं शिबिर तुमच्या गावात आलं तर आधी हे वाचा

नोंदणी 300. मशीनवरचं ‘बॉडी स्कॅन’ 2,500. पावडरचे दोन किट 19,600. चार पिवळी सलाईन 12,800. घरात बुरशीची फवारणी 7,500, गोठ्यात गोचिडाची 1,150. बेरीज 43,850 रुपये. चार हजाराच्या भावानं जवळपास अकरा क्विंटल सोयाबीन. आणि ज्या बोटांसाठी हे दिलं, त्या आईच्या बोटांना आता मूठ वळत नाही. पैशापेक्षा जास्त राग याचा आहे.

असली शिबिरं कशी चालतात ते सगळ्यांना माहीत आहे. समाजमंदिर, बॅनर, मोफत बीपी, चहा. पण आम्ही काही बाबा-बुवाकडे गेलो नव्हतो. आईची बोटं सकाळी तास-दीड तास आखडलेली राहायची, तालुक्याच्या लॅबमध्ये सीआरपी 42 आला होता, ईएसआर ही सुजेची दुसरी रक्ततपासणी, तीही वाढलेली. तो कागद खिशात घेऊन मी शिबिरात गेलो. तिथल्या माणसानं कागद बघितला आणि विचारलं, घराला ओल आहे का? पावसाळ्यात विदर्भातल्या कोणत्या मातीच्या घराला ओल नसते? सोयाबीनची पोती घरातच, भिंतीला काळी बुरशी. बकऱ्या आहेत का? आहेत. गोचीड? आहेत. झालं. “काकूंच्या रक्तात बुरशीचं आणि गोचिडाचं विष साचलंय, हा आकडा तेच सांगतो.” 2018 च्या पावसाळ्यात नागपूरकडे स्क्रब टायफसची साथ आली होती, लोक मेले होते, पेपरात ‘गोचीड ताप’ म्हणून रोज बातम्या. ते ज्याला आठवतं त्याला हे पटणारच. मला पटलं यात माझी अक्कल काढू नका.

आता जे मला नंतर कळलं ते. सीआरपी यकृत तयार करतं, शरीरात कुठंही सूज-संसर्ग असला की वाढतो. कशामुळं वाढला हे तो आकडा सांगत नाही. न्यूमोनियातही वाढतो, संधिवातातही, दाताच्या गळवानंही. नुसत्या सीआरपीवरून जो कारण सांगतो तो तुमच्या खिशाकडं बघून सांगतो.

मला खरं तर दुसऱ्या रिपोर्टच्या दिवशी उठून यायला पाहिजे होतं. तो दिवस मनातून जात नाही. पहिला किट संपला, त्यांच्याच माणसानं रक्त घेतलं, आईचा सीआरपी 42 वरून 58 झाला. मी म्हटलं, वाढला ना हो? तो हसून म्हणाला, “वाढणारच. पेशींत दडलेलं विष सुटून रक्तात आलं. औषध लागू पडल्याची खूण आहे ही.” आणि त्याच दिवशी, त्याच टेबलावर, आमच्या गल्लीतल्या एका काकांचा आकडा 36 वरून 8 वर आला होता, त्यांना सांगितलं, “बघा, विष निघालं!” काकांना ताप होता. ताप उतरला की सीआरपी काही दिवसांत आपोआप उतरतो, पावडर खा नाही तर नका खाऊ. म्हणजे आकडा चढला तरी त्यांचं औषध खरं, उतरला तरी त्यांचं औषध खरं. दोन्ही वाक्यं मी माझ्या कानांनी दहा मिनिटांच्या आत ऐकली आणि तरी दुसऱ्या किटचे 9,800 फोनवरून पाठवले. आई रात्र-रात्र कण्हत होती, शेजारी बसलेले सगळे माना डोलवत होते, अशा वेळी माणूस हिशोब लावत नाही. त्यांना हे पक्कं ठाऊक असतं.

डब्यावर बारीक इंग्रजीत छापलं होतं, ‘नॉट फॉर मेडिसिनल यूज’. औषध म्हणून वापरायचं नाही! आत काय, तर कोळशाची पावडर आणि बेंटोनाइट माती. त्यातला कोळसा पोटात दुसऱ्या गोळ्याही धरून ठेवतो, आणि आई त्यासोबतच बीपीची गोळी घेत होती. वरून तालुक्याच्या डॉक्टरांच्या गोळ्या त्यांनी बंद करायला लावल्या. चालू औषध जो बंद करायला सांगतो त्याच्या दारात परत पाऊल ठेवू नका.

सेवाग्रामच्या दवाखान्यात नेलं तेव्हा आरए फॅक्टर आणि अँटी-सीसीपी या संधिवाताच्या रक्ततपासण्या केल्या. संधिवात निघाला, आमवात म्हणतात तो. आठवड्यातून एकदाच घ्यायची मेथोट्रेक्सेट नावाची गोळी, सोबत फॉलिक अॅसिड, मधून मधून रक्ततपासणी. तिथं सांगितलं की हा आजार लवकर धरला तर सांधे वाचतात. आमचा पूर्ण हंगाम त्या पावडरीत गेला.

बुरशी निरुपद्रवी आहे असं मी म्हणत नाही. दमा, खोकला, ॲलर्जी होते. गोचिडानंही ताप येतो, आणि स्क्रब टायफस तर गोचिडानं नव्हे, गवतातल्या चिगर नावाच्या बारीक अळीच्या चाव्यानं होतो. ताप, डोकेदुखी आणि अंगावर चटका बसल्यासारखी काळी खपली दिसली तर थेट सरकारी दवाखाना गाठा. त्यावर डॉक्सीसायक्लिन नावाची साधी स्वस्त गोळी चालते. त्याला 3,200 चं सलाईन लागत नाही.

तक्रारीचं ऐका. ठाण्यात गेलो. “तुमीच पैसे देल्ले ना भाऊ, जबरदस्ती तं नाई केली कोणी. दिवाणी मामला हाय.” तालुका आरोग्य कार्यालयात गेलो, बोगस डॉक्टर शोधायची समिती आहे ना? तर म्हणे तो स्वतःला डॉक्टर म्हणवतच नाही, वेलनेस कोच म्हणवतो, आमच्या कक्षेत येत नाही. अहो, मग सलाईन कोणी लावलं? शिरेत सुई वेलनेसमध्ये येते का? अन्न व औषधवाल्यांनी डबा उलटा-सुलटा केला आणि चौदा आकडी फूड लायसन्स नंबर मला दाखवला. लायसन्स आहे म्हणून विष निघतं का? लायसन्स खाद्यपदार्थ विकायचं असतं, आजार बरा करायचं नाही, हे मी त्यांना समजावून सांगायचं! ग्रामपंचायतीत म्हणाले हॉल फुकट दिला होता, बाकी माहीत नाही, आणि फीत कापतानाचा फोटो अजून तिथंच लावलेला आहे. ठराविक आजार बरे करण्याच्या जाहिरातींवर बंदी घालणारा कायदा 1954 पासून आहे. एकानंही त्याचं नाव काढलं नाही. प्रत्येकानं मला पुढच्या टेबलाचा पत्ता दिला आणि त्या सगळ्या महिन्यांत शिबिर शेजारच्या गावांतून फिरत राहिलं.

आता जिल्हा ग्राहक आयोगात गेलोय. पाच लाखांपर्यंतच्या दाव्याला फी नाही, दोन वर्षांच्या आत जावं लागतं, वकील नसला तरी चालतं. 1915 या ग्राहक हेल्पलाइनच्या नंबरवरही तक्रार घेतात. माझ्याकडं पक्कं बिल फक्त 19,600 चं आहे, तेही ‘फूड सप्लिमेंट’ म्हणून. सलाईनचे 12,800 रोख दिले, पावती नाही. फवारणीचे पैसे एका खासगी माणसाच्या खात्यावर गेले. रोख देऊ नका, कच्ची चिठ्ठी घेऊ नका. ज्यांनी त्या हॉलमध्ये पैसे भरले त्यांनी डबे फेकू नका, फोनवरच्या व्यवहारांचे स्क्रीनशॉट काढा, दोन्ही रिपोर्ट जपा, आणि लाज बाजूला ठेवून तुमचीही तक्रार नोंदवा. गल्लीतले काका तयार झाले आहेत.