रीपर ७: बरेच महिने वापरल्यानंतर

घरच्या छोट्या स्टुडिओत अभंग आणि भावगीतं रेकॉर्ड करायला रीपर हे संगणकावरचं रेकॉर्डिंग-मिक्सिंगचं सॉफ्टवेअर घेतलं, त्याला आता बरेच महिने झाले. मला ते मनापासून आवडलंय, कारण ते घडवणारे लोक वापरणाऱ्याचा विचार करतात आणि ते रोज काम करताना जाणवतं.

विनॅम्प हा संगणकावर गाणी ऐकायचा प्लेअर ज्यांनी बनवला, त्याच जस्टिन फ्रँकेल यांनी एओएल ही कंपनी सोडल्यावर रीपर लिहायला घेतलं; २००५ च्या शेवटी ते लोकांसमोर आलं. आजही टीम अगदी लहान आहे, पण अपडेट सतत चालू असतात. दर अपडेटबरोबर बदलांची लांबलचक यादी येते. मी ती वाचतोच, कारण त्यात बऱ्याचदा आपल्याला हवी असलेली एखादी बारीक सोय सापडते.

२०२३ च्या ऑक्टोबरमध्ये आलेल्या सातव्या आवृत्तीतल्या ट्रॅक लेन्सनी, म्हणजे एका ट्रॅकमधल्या वेगवेगळ्या पट्ट्यांनी, माझं काम खूपच सोपं केलं. गायिका अंतरा तीन-चारदा गाते, सगळे टेक एकाच ट्रॅकमध्ये एकाखाली एक दिसतात. हवा तो तुकडा माउसने ओढायचा: ओळ पहिल्या टेकमधली, तान तिसऱ्यातली. जोड श्वासाच्या जागी घेतला आणि क्रॉसफेड (एक तुकडा विरत दुसरा चढत जाण्याचा भाग) जरा लांबवला, की कान लावूनही कळत नाही. मींडेत, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर अखंड घसरत जाताना, मात्र चुकूनही कापू नका.

जेएसएफएक्स हा प्रकार तर मला फारच भावतो. रीपरसोबत येणारे, आवाजावर प्रक्रिया करणारे हे इफेक्ट साध्या मजकुराच्या फाइल्स असतात. एडिट दाबलं की कोड समोर! आवाजाची पातळी वाढवणाऱ्या एका गेन इफेक्टच्या स्लायडरची कमाल मर्यादा मला वाढवून हवी होती. एक आकडा बदलला, सेव्ह केलं, लगेच लागू. मोठं काम असेल तर लुआ या प्रोग्रॅमिंग भाषेत स्क्रिप्ट लिहिता येते.

आवाजांची लायब्ररी मात्र सोबत मिळत नाही. तबला, तानपुरा, ड्रम्स, सगळं वेगळं जमवावं लागतं. मेन्यू अवाढव्य आहेत, नवख्याला सुरुवातीला दडपण येईल. आयते बीट्स लावून झटपट गाणं करायचं असेल, तर दुसरं काही बघा.

किंमत वैयक्तिक वापरासाठी किंवा छोट्या व्यवसायासाठी ६० डॉलर, मोठ्या व्यावसायिक वापरासाठी २२५. आता घेतलेला परवाना ८.९९ या आवृत्तीपर्यंत चालतो. आधी ६० दिवस पूर्ण सॉफ्टवेअर विनामूल्य वापरून बघता येतं, कुठलीही सोय अडवलेली नसते. विंडोजवर असाल तर ऑडिओ इंटरफेसचा (माइक संगणकाला जोडणाऱ्या उपकरणाचा) एएसआयओ ड्रायव्हर, म्हणजे आवाज कमी विलंबाने पोचवणारं सॉफ्टवेअर, आधी टाकून घ्या, मगच ते ६० दिवस सुरू करा.